पोलिसांनी खोटं बोलून काढलेला पुरावा कोर्टात टिकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ एका गोदामात कामाला होता, तिथून लॅपटॉप चोरीला गेले. पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावलं आणि सांगितलं, ‘तुझ्या मित्राने सगळं ओकलंय, कॅमेऱ्यात तू स्वच्छ दिसतोयस. खरं बोललास तर तुला साक्षीदार करू.’ भावाने कबूल केलं, काही कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि भाड्याच्या खोलीच्या माळ्यावरून दोन लॅपटॉप काढून दिले. पुढे कळलं की मित्राने तोंडच उघडलं नव्हतं आणि कॅमेरा त्या रात्री बंद होता. भाऊ आता जामिनावर आहे, दोषारोपपत्र दाखल झालंय, आणि तुम्ही विचारताय की फसवून मिळवलेला हा पुरावा बेकायदेशीर ठरून केस उडेल का.

नुसत्या ‘फसवलं’ या मुद्द्यावर उडणार नाही. बचावाची सगळी भिस्त त्याच मुद्द्यावर ठेवून लोक बसतात आणि जे मुद्दे खरोखर चालले असते ते हातचे जातात, म्हणून हे आधीच सांगितलं.

आपल्या कायद्याने फसवणुकीचा विचार केलेला नाही असं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २९ होतं. एखादा कबुलीजबाब एरवी ग्राह्य असेल, तर तो केवळ आरोपीला फसवून घेतला, गुप्त ठेवू असं सांगून घेतला, दारूच्या नशेत असताना घेतला, किंवा ‘तू बोलायला बांधील नाहीस’ अशी समज न देता घेतला, एवढ्यानेच अग्राह्य होत नाही, असं ते कलम सांगायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २२ च्या परंतुकात (कलमाच्या शेवटी ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या भागात) बसवली आहे. ‘मला माझे हक्क वाचून दाखवले नाहीत’ हा परदेशी मालिकांतून शिकलेला बचाव आपल्याकडे का चालत नाही, त्याचं उत्तर त्यातच आलं. अटकेची कारणं सांगणं आणि वकिलाचा हक्क हे विषय वेगळे. ते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहेत आणि त्यांचं उल्लंघन झालं तर अटकच बेकायदेशीर ठरू शकते.

पण त्या तरतुदीची सुरुवात पुन्हा वाचा: ‘एरवी ग्राह्य असेल तर’. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब एरवीही ग्राह्य नसतोच. जुनं कलम २५ आणि २६, आताचं कलम २३, हे सांगतं की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणाजवळ दिलेली कबुलीही, मॅजिस्ट्रेट समोर नसतील तर, शाबीत करता येत नाही. खरं बोलून घेतलेली असो वा खोटं बोलून. म्हणजे भावाने ठाण्यात ‘हो, मी चोरी केली’ म्हटलं ते वाक्य बाद करायला पोलीस खोटं बोलले हे सिद्ध करण्याची गरजच नाही. ते आधीच बाद आहे.

मग पोलीस खोटं बोलायची तसदी का घेतात? कबुली मिळावी म्हणून नव्हे, मुद्देमाल मिळावा म्हणून. आपल्या फौजदारी व्यवहारातली सगळी मेख जुन्या कलम २७ मध्ये आहे. आता ते कलम २३ चं परंतुक झालंय, तरी वकिलांच्या बाररूममध्ये अजून ‘सत्तावीसची रिकव्हरी’ असंच म्हणतात. ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर त्या माहितीचा उघडकीशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो.

हे ‘तेवढाच’ महत्त्वाचं आहे. तुमच्याकडच्या दोषारोपपत्रात निवेदन पंचनामा (पंचांसमोर आरोपीचं म्हणणं उतरवलेला कागद) असेल, तो काढा. त्यात बहुधा असं एखादं वाक्य असेल: ‘मी व माझ्या मित्राने गोदामातून चोरलेले दोन लॅपटॉप मी माझ्या खोलीच्या माळ्यावर लपवून ठेवले आहेत, ते मी काढून देतो, माझ्यासोबत चला.’ पेन्सिल घ्या आणि ‘मी व माझ्या मित्राने गोदामातून चोरलेले’ हे खोडा. ते कोर्टात वाचलंही जाऊ नये. उरतं ते एवढंच की लॅपटॉप माळ्यावर आहेत हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने काढून दिले. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनचं शेवटचं अपील न्यायालय) पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात हे सोडवून सांगितलं त्याला आता जवळपास ऐंशी वर्षं होत आली. आरोपी म्हणतो, ‘घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो’. त्याने सुऱ्याचा शोध लागत नाही, सुरा ही वस्तू जगाला कधीचीच माहीत आहे. शोध लागतो तो सुरा तिथे असल्याचा आणि आरोपीला ते माहीत असल्याचा. ‘ज्याने मी अमक्याला भोसकलं’ हे शब्द त्या शोधात बसत नाहीत. निकाल लिहिणारे सर जॉन बोमाँट त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. आजही खालच्या कोर्टात पंचांच्या तोंडून अख्खं वाक्य नोंदवून घेतलं जातं आणि बचावाचा वकील हरकत घ्यायला विसरतो. तुमच्या वकिलांनी तिथे उभं राहून हरकत घ्यावी आणि ती नोंदवून घ्यावी.

उरलेला भाग निरुपद्रवी आहे असं मात्र समजू नका. चोरीनंतर लगेच चोरीचा माल कुणाच्या ताब्यात सापडला आणि त्याला पटेल असा खुलासा देता आला नाही, तर तो चोर आहे किंवा माल चोरीचा आहे हे जाणून त्याने घेतला, असं अनुमान कोर्ट काढू शकतं. जुनं कलम ११४, आता ११९. तुमच्या भावाचं प्रकरण इथे अडणार आहे.

आता फसवणुकीच्या मर्यादेकडे. पोलिसांनी भावाशी जे केलं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदा त्या तिन्हींकडे एका नजरेने पाहत नाही. ‘मित्राने कबूल केलं’ आणि ‘कॅमेऱ्यात दिसतोस’ ही घडलेल्या गोष्टींबद्दलची थाप आहे. निर्दोष माणूस अशा थापेला सहसा ‘दाखवा बघू’ म्हणेल, असं कायद्याचं जुनं गृहीतक आहे. ते कितपत खरं आहे याबद्दल मला स्वतःला शंका आहे. घाबरलेला, थकलेला किंवा कमी वयाचा माणूस ‘पुरावा आहेच म्हणतायत तर वाद कशाला’ म्हणून मान डोलावतो, हे फौजदारी काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण आज कायदा असा आहे.

‘साक्षीदार करू’ हे मात्र आमिष आहे. फसवणूक आणि आमिष यांत कायदा स्पष्ट फरक करतो. अधिकारी व्यक्तीने आमिष, धमकी किंवा वचन देऊन घेतलेली कबुली जुन्या कलम २४ खाली अग्राह्य होती. नव्या कलम २२ मध्ये त्या यादीत जबरदस्तीही जोडली आहे. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८२ पोलिसांना असं आमिष दाखवायलाच मनाई करतं. आणि माफीचा साक्षीदार करणं पोलिसांच्या हातात नसतंच, तो अधिकार न्यायालयाचा. फौजदाराने दिलेलं ते वचन मुळातच पोकळ होतं.

तिसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे: सकाळी अकराला बोलावलं आणि रात्री उशिरापर्यंत सोडलं नाही. माझ्या दृष्टीने थापेपेक्षा हे जास्त कामाचं आहे. अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवतो. १९६१ मध्ये काथी कालू ओघड प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की सक्ती नसेल तर कलम २७ घटनेच्या विरोधात जात नाही. याची दुसरी बाजू अशी की सक्ती होती हे दिसलं तर रिकव्हरीचा पायाच हलतो. सक्ती म्हणजे फक्त मारहाण नव्हे. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालात मानसिक छळ, दडपणाचं वातावरण, थकवून टाकणारी लांबलचक उलटसुलट चौकशी यांनाही सक्तीत धरलं. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीविना करायला मनाई केली, तीही याच सूत्रावर. तेव्हा ‘खोटं बोलले’ यावर जोर न देता ‘किती तास, कुणाला भेटू न देता, कोणत्या अवस्थेत’ यावर द्या.

फसवणुकीवर न्यायालय खरोखर चिडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. पोलिसांनी गुन्हा पकडण्यासाठी सोंग घेतलं तर चालतं. गुन्हाच घडवून आणला तर प्रश्न येतो. लाचेच्या सापळ्यात हा फरक स्वच्छ दिसतो. तक्रारदार येतो, आधी मागणीची पडताळणी होते, मग नोटांना अँथ्रासीनची पावडर लावतात, सोबत पंच पाठवतात, इशारा मिळताच धाड पडते आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली साहेबांची बोटं चमकतात. हे सगळं नाटकच आहे, पण मागणी आधी झालेली आहे, नाटकाने ती फक्त उजेडात आणली. युसुफअली नागरी प्रकरणात पालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ करणाऱ्याचं बोलणं लपवलेल्या मायक्रोफोनने टिपलं होतं. आर. एम. मलकानी प्रकरणात मुंबईच्या कॉरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) टेलिफोनवरचं संभाषण समोरच्याच्या संमतीने पोलिसांनी ऐकलं आणि रेकॉर्ड केलं. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं एकच: माणूस आपणहून बोलला, यंत्र लपवलेलं होतं म्हणून त्याच्यावर सक्ती झाली असं होत नाही. पोलिसांच्या बेकायदा पद्धती खपवून घेणार नाही, अशी तंबीही मलकानीत आहे. पण पुरावा आत घेऊनच.

उलट राव शिव बहादुर सिंह प्रकरणात, १९५४ मध्ये, लाच देणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि ते उभे करायची ऐपतही नव्हती, तेव्हा पोलिसांनीच पैसे पुरवले यावर न्यायालयाने कडक ताशेरे मारले. दोन वर्षांनी रामजनम सिंह प्रकरणात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की माणसाची प्रवृत्ती कशीही असली तरी त्याच्या कमकुवत सहनशक्तीपलीकडचा मोह मुद्दाम दाखवून त्याला कायदा मोडायला लावू नये, निदान कायद्याच्या रखवालदारांनी तरी. तरीही, आणि हे लक्षात घ्या, असे ताशेरे मिळाले म्हणजे आपोआप सुटका असा स्वयंचलित बचाव आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो आहे. इथे बहुतेक वेळा पुराव्याचं वजन कमी होतं आणि बनावट गिऱ्हाइकाच्या किंवा खबऱ्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मागितला जातो.

कोठडीत ‘आरोपी’ म्हणून आपला माणूस घुसवून बोलतं करण्याबद्दलही विचारतात. पोलीस कोठडीत असेल तर कुणाजवळही बोललेलं बाद, मॅजिस्ट्रेट हजर नसले की झालं. न्यायालयीन कोठडीत चित्र बदलतं, कारण तो ताबा पोलिसांचा नाही. पण समोरचा साध्या कपड्यातला पोलीस असेल तर ‘पोलीस अधिकाऱ्याजवळची कबुली’ ही बंदी येतेच. समोरचा पोलीस आहे हे आरोपीला माहीत असलं पाहिजे असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही. खरोखरचा सहकैदी असेल तर ती न्यायालयाबाहेरची कबुली, म्हणजे मुळातच कमजोर पुरावा.

परदेशाशी तुलना केली तर आपली रचना किती निराळी आहे ते कळतं. अमेरिकेत पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात येते, म्हणून तिथे थापेला सोन्याचं मोल. १९६९ च्या फ्रेझियर वि. कप प्रकरणात पोलिसांनी आरोपीला ‘तुझ्या चुलतभावाने कबूल केलंय’ असं खोटंच सांगितलं होतं, अगदी तुमच्या भावाला सांगितलं तसं, आणि ती कबुली टिकली. अलीकडे, २०२१ पासून, इलिनॉय आणि ओरेगन यांसारख्या राज्यांनी अल्पवयीनांच्या चौकशीत अशा थापांना आळा घातला आहे. इंग्लंडमध्ये १९८७ च्या मेसन प्रकरणात पोलिसांनी आरोपीला आणि त्याच्या वकिलालाही खोटं सांगितलं की बाटलीच्या काचेवर त्याचं बोट उमटलंय. अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण वकिलाला फसवणं म्हणजे आरोपीला मिळणारा सल्लाच नासवणं. जर्मनीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर फसवणुकीने जबाब घेण्यावर थेट बंदी आहे आणि आरोपीची संमती असली तरी तो वापरता येत नाही. आपल्याकडे १८७२ पासूनच कबुलीचा दरवाजा बंद आणि मालाची खिडकी उघडी, म्हणून आपला वाद नेहमी खिडकीशी चालतो.

त्या खिडकीतून आलेला माल बेकायदा मार्गाने मिळाला तरी काय? १९७३ च्या अखेरीस पूरनमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा संबद्ध असेल तर घेता येतो. २०१३ मध्ये उमेश कुमार प्रकरणात दस्तऐवजांबाबत तेच. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला, त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनित कुमार प्रकरणात बेकायदा फोन टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. हा आशेचा किरण आहे, पण तो टॅपिंगपुरता, आणि तुमच्या प्रकरणात टॅपिंग नाही.

आता तुम्ही काय करायचं. उलटतपासणीत तपास अधिकाऱ्याला ‘तुम्ही आरोपीला खोटं सांगितलंत ना’ असं विचारून काही हाती लागत नाही. उत्तर ठरलेलं आहे: ‘हे म्हणणे खरे नाही.’ आणि तो हो म्हणाला तरी, वर सांगितलं तसं, फारसं बिघडत नाही. त्यापेक्षा विचारा: आरोपी ठाण्यात किती वाजता आला, स्टेशन डायरीत नोंद कुठे आहे, अटक किती वाजता दाखवली, निवेदन किती वाजता सुरू झालं. पंच आधी आले की निवेदन आधी झालं? २०२२ मध्ये रामानंद ऊर्फ नंदलाल भारती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्रम सांगून ठेवला आहे: आधी ठाण्यात दोन स्वतंत्र पंच बोलवा, मग त्यांच्यासमोर आरोपीला बोलू द्या आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. तुम्ही सांगता तसं भाऊ आधी फौजदाराजवळ सगळं बोलला आणि पंच नंतर आले असतील, तर माळ्याचा ‘शोध’ पोलिसांना आधीच लागला होता. एकदा माहीत झालेली गोष्ट दुसऱ्यांदा उघडकीला आणता येत नाही. माझ्या मते तुमच्या केसमधला सगळ्यात धारदार मुद्दा हाच. अटक कागदावर नंतरची आहे एवढ्यावर मात्र विसंबू नका. औपचारिक अटक नसली तरी माणूस ताब्यात धरला जाऊ शकतो, हे १९६० च्या देवमन उपाध्याय निकालापासून ठरलेलं आहे.

पंच कोण आहेत तेही पाहा. त्याच ठाण्याच्या इतर गुन्ह्यांत ते पंच आहेत का, हे जुन्या दोषारोपपत्रांवरून कळतं. सराईत पंच असला की न्यायाधीशांचा पेन थांबतो. माळा कुणाच्या ताब्यातला होता? खोलीत आणखी कुणी राहत असेल, दार उघडं असेल, तर ‘त्याच्याच ताब्यात’ हे सरकार पक्षाला शाबीत करावं लागेल. भाडेकरार, शेजारी, खोलीतल्या जोडीदारांची नावं आत्ताच जमवा. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण झालं का आणि ते मॅजिस्ट्रेटकडे विनाविलंब गेलं का, हे विचारा. चित्रीकरण असेल तर ते सुरुवातीपासून आहे की माळ्यावर हात गेल्यावर सुरू झालंय, हे मिनिटांच्या आकड्यांवरून तपासा. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडलंय का, तेही.

कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचं गांभीर्य तुम्ही कमी लेखताय. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं. म्हणजे त्या सह्यांचे कागद दुसऱ्याच कशाचे तरी झाले असणार: पंचनामा, अटक फॉर्म, हस्ताक्षराचा नमुना. दोषारोपपत्रात भावाची सही जिथे जिथे आहे ती प्रत्येक सही त्याला दाखवून विचारा, ही कुठे, कधी केलीस. मजकूर सहीला वळसा घालून लिहिलाय का, ओळी शेवटी दाटल्यात का, ते बघा. पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेटसमोर तो काही बोलला नाही, हे सरकारी वकील नक्की काढतील, त्याचं कारण आत्ताच वकिलांना खरं खरं सांगून ठेवा.

आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रीकरण अठरा महिने जपायला सांगितलं आहे, साठवणीची सोय नसेल तरी वर्षाच्या खाली नाही. भाऊ किती तास आत होता, पंच केव्हा आले, हे त्यात दिसेल. चार्ज फ्रेम व्हायची (कोर्टाने आरोप निश्चित करायची) वाट पाहू नका. चौकशीच्या तारखेपासून महिने मोजा, आणि त्या दिवसाचं फुटेज जतन करण्याचा अर्ज याच आठवड्यात कोर्टात द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पोचपावतीसह. फुटेज मिळालं तर उत्तम. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या.